ओठांचे कोपरे

१० जानेवारी १९३७, रविवार. जळगाव.

आजपासून रोजनिशी पुन्हा सुरू करतो. मागची वही ऑक्टोबरात बंद पडली ती पडलीच. शाळेत ड्रिल आणि लेझीम शिकवणाऱ्या माणसाने स्वतःच शिस्त मोडावी हे बरे नव्हे.

लिहिण्याचे कारण मोठे आहे. एप्रिलअखेर धुळ्याला व्यायाम परिषद भरणार असून स्वागताध्यक्ष चंपालाल शेठ यांनी मला अर्ध्या तासाचे सप्रयोग व्याख्यान द्यायला सांगितले आहे. खानदेशात अजून कुणी ऐकला नसेल असा विषय मी निवडला, चेहऱ्याचा व्यायाम. आपण दंड कमावतो, मांड्या कमावतो आणि ज्या चेहऱ्याने जगापुढे जायचे त्याचे स्नायू तसेच लोंबू देतो. एका इंग्रजी मासिकात यावर चित्रांसह लेखमाला आली आहे. आधी मालिश, मग ताण, मग सैल सोडणे. उतरलेला चेहरा तीन महिन्यांत वर येतो म्हणे.

प्रयोगाला माणूस हवा. शाळेतल्या मुलांचे चेहरे मुळातच घट्ट, त्यांच्यावर काय दिसणार? पण उत्तम नमुना घरातच आहे. प्रमिला तेवीस वर्षांची. लग्न होऊन आली तेव्हा तिचे गाल भरलेले होते. दसऱ्याच्या सुमारास आमची मुलगी वेणू तापाने गेली, सात महिन्यांची होती. तेव्हापासून प्रमिलाचा चेहरा पार सुटला आहे. ओठांचे कोपरे खाली, डोळ्यांखाली पिशव्या. शोधूनही असा नमुना मिळायचा नाही.

११ जानेवारी

तिला सांगितले. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मला तिथं उभं करणार? एवढ्या पुरुषांसमोर?"

"शास्त्राचं काम आहे. त्यात पुरुष आणि बायका कुठून आल्या?"

ती पुष्कळ वेळ खडे वेचत राहिली. मग विचारले, "हसायचं, की हसल्यासारखं करायचं?"

मी म्हणालो, "स्नायूंना त्यातला फरक कळत नाही."

१७ जानेवारी, रविवार

प्रयोगापूर्वीचा फोटो काढून घेतला. बन्सीलालच्या स्टुडिओत गेलो होतो. तो सवयीने म्हणाला, "वहिनी, जरा हसा." मी त्याला थांबवले. हा फोटो जितका वाईट तितका आपल्याला चांगला. पण प्रमिला पदर सावरून अशी ताठ बसली की चेहऱ्यावर काहीच दिसेना. बन्सीलालने दोनदा मान काळ्या कापडाबाहेर काढली. "मास्तर, या तर ठीकच दिसतात."

तेव्हा मी तिच्याजवळ जाऊन हळूच म्हणालो, "वेणूला आठव."

फोटो अप्रतिम आला असणार. बन्सीलाल पुढे आमच्याशी फारसा बोलला नाही. उजेड कमी झाला म्हणून घाईत असावा.

१९ जानेवारी

कार्यक्रम ठरला. सकाळी साडेपाचला उठणे, कोमट पाण्याने तोंड धुणे. तिळाचे तेल बोटांना लावून हनुवटीपासून कानांपर्यंत वरच्या दिशेने चोळणे, वीस वेळा. कपाळावर बोटांच्या टोकांनी टकटक. मग गाल फुगवून दहा अंक धरणे, पाण्याची चूळ या गालातून त्या गालात फिरवणे, स्वर लांबवून म्हणणे. सर्वांत महत्त्वाचे शेवटी, ओठांचे कोपरे वर उचलून धरणे. आज वीसपर्यंत टिकले. दोनशेपर्यंत न्यायचे आहेत.

शेवटी तळहात एकमेकांवर चोळून डोळ्यांवर ठेवायचे आणि जबडा सैल सोडायचा. हा भाग विश्रांतीचा. तिला हा जमत नाही. जबडा सैल सोडला की हनुवटी थरथरू लागते. तूर्त तो वगळला.

२४ जानेवारी

स्वरांचा व्यायाम चालू असताना ती ए आणि ऊ म्हणण्याऐवजी वेणू, वेणू असे पुटपुटते हे आज माझ्या ध्यानात आले. किती दिवस चालले असेल कोण जाणे. मी शांतपणे सांगितले, "व्यंजनांनी ओठांचा ताण तुटतो. व आणि ण गाळ."

तिने गाळले. ए, ऊ, ए, ऊ. चांगले जमले.

२ फेब्रुवारी

माझा हात जड पडतो, तिच्या गालावर वळ उठतात. म्हणून मालिशीला भागाबाईला लावले. ही धरणगावकडची म्हातारी बाळंतिणींना आणि बाळांना तेल लावते. वेणूलाही हिनेच लावले होते. हाताला चांगली आहे.

९ फेब्रुवारी

भागाबाईच्या हाताखाली प्रमिला बसल्या बसल्या झोपी गेली. तीन महिन्यांत तिला दिवसा झोपलेली मी पाहिली नव्हती. भागाबाई तिचे डोके मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली, दुसऱ्या घरची वेळ चुकवून. आठवडाभरातच स्नायू सैल होऊ लागले. पद्धत लागू पडते आहे.

१३ फेब्रुवारी

शाळेतून लवकर आलो तर माजघरात दोघी. प्रमिला भागाबाईच्या कुशीत तोंड घालून रडत होती, साधे नव्हे, अंग गदगदा हलत होते. आणि ती म्हातारी तिला थांबवायचे सोडून पाठीवर तेल चोळत होती!

मी विचारले, "हे काय चाललंय?"

"भाऊ," ती म्हणाली, "पोर जायेल बाईनं तोंड असंच ऱ्हास. तिले रडू द्या. मंग ते आपोआप वर येई."

"रडण्याने डोळ्यांखालची कातडी सुटते. महिन्याचं काम तुम्ही एका दुपारी घालवलंत."

"बठ्ठं आंग रडस, भाऊ. तोंड एकलं कसं हसी?"

सगळे अंग रडते तर एकटे तोंड कसे हसणार, म्हणे! अडाण्याशी वाद काय घालायचा? उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितले. जाताना, तिच्या मनात राग राहू नये म्हणून, वेणूची कुंची आणि दुपटी तिला देऊन टाकली. तिला कुठल्या तरी बाळासाठी उपयोगी पडतील. शिवाय ते कपडे घरात असले की प्रमिला त्यांची पेटी उघडून बसते. म्हातारीने ते छातीशी धरले आणि माझ्याकडे असे पाहिले, जणू मीच काही घेतले आहे.

१४ फेब्रुवारी

नवा नियम. रडू येते आहे असे वाटताच ताबडतोब कोपरे वर उचलायचे आणि शंभर मोजायचे. सवय ही अशीच लागते. लेझमीत मुलांचा पाय चुकला की मी तेच करतो.

प्रमिला म्हणाली, "आणि शंभरानंतर पण आलं तर?"

"पुन्हा शंभर."

२१ फेब्रुवारी

ती दर शनिवारी मारुतीच्या दर्शनाला म्हणून जाते ती मेहरूणच्या तलावाकडे जाते असे कळले. तिथे लहान मुलांना पुरतात. आजपासून दर्शन बंद. मी रागावलो नाही. फक्त समजावले.

इथे एक खरे लिहून ठेवतो. वेणूला ताप चढला तेव्हा मी शाळेचा संघ घेऊन भुसावळला होतो. निरोप आला होता. पण दुसऱ्या दिवशी अंतिम सामना, चाळीस मुले माझ्या भरवशावर. सामना जिंकून आलो तेव्हा सगळे आटोपले होते. प्रमिलाने यावरून मला कधीही बोल लावला नाही. म्हणजे तिलाही ते पटलेलेच असणार.

७ मार्च, रविवार

धरणगावहून सासरे आले होते, सुकदेव नाना. सासूबाई लवकर गेल्या, या माणसाने प्रमिलाला आणि तिच्या भावाला एकट्याने वाढवले. सरकी काढायच्या जिनात कापूस तोलून तोलून छातीत तंतू गेले आहेत, सारखा खोकतात. लेकीला पाहून म्हणाले, "माय, तू तं बरी दिसी ऱ्हायनी." मला धन्य वाटले. मग तिच्या तोंडाकडे जरा जास्त वेळ पाहत राहिले.

निघताना मला ओट्यावर बोलावले. "शालिग्रामराव, पोरले चार दिन धाडी द्या."

"परिषद झाली की मी स्वतः आणून सोडतो, नाना."

"मना काय भरोसा शे आते? चारच दिन."

मी म्हणालो, "चार दिवसांचा खंड म्हणजे चार आठवडे मागे."

त्यांनी हात जोडले. वडीलधाऱ्या माणसाने असे करू नये, मला अवघडल्यासारखे झाले. प्रमिला दारात उभी होती. मी वळून पाहिले तर कोपरे बरोबर वर! सांगावे लागले नाही. नाना वळणावर दिसेनासे होईपर्यंत तिने धरून ठेवले. मी मनात मोजत होतो, एकशे चाळीस.

२८ मार्च

दोनशे झाले. गालांवर फुगवटा आला आहे, डोळ्यांखालच्या पिशव्या अर्ध्या उतरल्या. हेडमास्तर घरी आले होते, म्हणाले, "वहिनींची प्रकृती सुधारली." ती हसून चहा ठेवून गेली. शेजारची पाटील मंडळी मात्र हल्ली आपल्या पोरांना तिच्याकडे पाठवत नाहीत. मुले उगाच घाबरतात म्हणे.

९ एप्रिल

मेहुण्याचे, झुलालचे, शाळेच्या पत्त्यावर पत्र. नानांना ताप, अंथरुणाला खिळले आहेत, अक्काला पाठवा. सोळा दिवस राहिले आहेत. पत्र शाळेतल्या कपाटात ठेवले. म्हाताऱ्या माणसांना ताप येतात आणि जातात.

१४ एप्रिल

दुसरे पत्र. तसेच.

जेवताना प्रमिला म्हणाली, "धरणगावहून बऱ्याच दिवसांत पत्र नाही."

"नाही," मी म्हणालो.

मन खात होते. जेवण गेले नाही. पण रणावर गेलेल्या माणसाला घरची पत्रे रोखून धरतात, तसेच हे.

१७ एप्रिल

तार आली. नाना सकाळी गेले.

मैदानावर मुले रांगेत उभी होती. मी तार घडी करून खिशात ठेवली आणि तास पुरा केला. पुष्कळ विचार केला. आज सांगितले तर तीन महिन्यांची मेहनत एका रात्रीत वाहून जाईल. न सांगितले म्हणून गेलेला माणूस परत येणार आहे थोडाच? ती आठ दिवसांनी रडली काय आणि आज रडली काय, नानांना सारखेच.

संध्याकाळी तिला पाटावर बसवून पूर्ण क्रम करून घेतला. माझी डाव्या डोळ्याची पापणी सारखी उडते आहे. तेल गेले असावे.

२५ एप्रिल, रविवार. धुळे.

यश! पूर्ण यश!

मंडप भरलेला. चारशे तरी माणसे, पुढे पाहुणे, एका बाजूला चिकाच्या पडद्याआड बायका. आधी मी फोटो मोठा करून लावला होता तो उघडला. सभेत हळहळ पसरली. मग म्हणालो, "आणि हीच व्यक्ती आज." प्रमिला पुढे आली. हिरवे लुगडे नेस म्हणून मी सांगितले होते, तेच नेसली होती. एकेक व्यायाम मी नाव घेताच तिने केला. शेवटी कोपरे. मी मोठ्याने मोजत होतो, लोकही माझ्याबरोबर मोजू लागले. दोनशेला मंडप टाळ्यांनी दणाणला. ती तशीच उभी होती, एक पापणीसुद्धा हलली नाही.

चंपालाल शेठांच्या पत्नी तारादेवी पडद्याआडून बोलल्या, "बाई, हे सगळं करून तुम्हाला कसं वाटतं हो?"

मी उत्तर देणार तोच प्रमिलाने दिले. तिचा आवाज स्पष्ट होता. "मला काही वाटत नाही."

लोक हसले, पुन्हा टाळ्या. केवढी विनयशील! नंतर तारादेवी मागच्या बाजूला येऊन तिला भेटल्या. त्यांनी मायेने तिच्या गालावर हात ठेवला. प्रमिलाने कोपरे उचलले. तारादेवींनी चटका बसावा तसा हात मागे घेतला. हाताला तेल लागले असावे.

शेठांनी तिचा प्रयोगानंतरचाही फोटो काढवून दिला. म्हणाले, पुढे नाशिकच्या परिषदेत हाच कार्यक्रम हवा.

२६ एप्रिल. चाळीसगाव स्टेशन.

गाडीला अवकाश आहे म्हणून लिहितो. आत्ताच सांगितले. बाकावर बसलो होतो, तिने पाण्याचा तांब्या भरून आणला होता. मी म्हणालो, "नाना गेले."

तिने तांब्या खाली ठेवला. "कधी?"

"सतरा तारखेला."

"आज किती?"

"सव्वीस."

ती बोटांवर मोजत होती. दहा बोटे संपली. मला वाटले, आता कोसळते. पण ओठांचे कोपरे हळूहळू वर गेले आणि तिथेच थांबले. चेहऱ्यावर एक सुरकुती नाही. शेजारच्या बाकावरची बाई तिला हसून दाद देऊ लागली.

मला तिचा अभिमान वाटला. खरेच वाटला. पण मी थोडा वेळ उठून फलाटाच्या टोकापर्यंत फिरून आलो.

२७ एप्रिल. धरणगाव.

वाईट झाले. बायका समजून घेत नाहीत.

आम्ही गल्लीत शिरलो तशा चार जणी गळ्यात पडायला धावल्या, आणि मध्येच थांबल्या. प्रमिला हसत उभी होती. एकीने कपाळावर हात मारला, "बाप मरना आनि पोर हसस!" दुसरी म्हणाली, जावयाने काही चारले असेल. प्रमिला नानांच्या रिकाम्या खाटेजवळ जाऊन बसली, खाटेची दोरी चाचपत, आणि तिचा चेहरा धुळ्याच्या मंडपात होता तसाच उजळ.

झुलाल बाहेर आला. डोके मुंडलेले. "दाजी, दोन कागद धाडात, एक तार दिन्ही. एक बी भेटनं नही?"

मी म्हणालो, "परिषद होती."

त्याला ऐकू गेले नसावे असे वाटून मी पुन्हा सांगू लागलो. त्याने ऐकले होते. तो म्हणाला, "नाना दोन दिन दारकडे तोंड करी पडेल व्हतात." मग आत पाहून तो बहिणीवर ओरडला, "अक्का, हसू नको वं! हसू नको!"

ती म्हणाली, "येत नाही रे थांबवता."

तिने दोन्ही हातांनी ओठ खाली ओढले. हात काढले की पुन्हा वर. असे चार-पाच वेळा केले. शेवटी कुणीतरी तिच्या तोंडावर पदर टाकला.

१२ मे

जळगावात एकटाच. तेराव्यानंतर ती आली नाही. दोन पत्रे पाठवली. झुलालने उत्तर दिलेले नाही.

३० मे, रविवार

धरणगावला स्वतः गेलो. प्रमिला घरी नव्हती. झुलालची बायको म्हणाली, भागाबाई आता गावीच परतली आहे, तिच्याबरोबर ती बाळंतिणीच्या घरी गेली आहे.

"कशाला?"

"तेल लावाले."

पत्ता विचारत गेलो. अंगणात पाटावर पाय पसरून प्रमिला बसली होती, पोटऱ्यांवर कुणाचेसे तान्हे पालथे. ती त्याच्या पाठीवर तेल चोळत होती आणि रडत होती. डोळे, नाक, तोंड, सगळे वाहत होते. मध्येच बाळाने पाय झाडला की हसत होती, आणि पुन्हा रडत होती. पुसायची पर्वा नाही. भागाबाई शेजारी पाणी तापवत होती. मला पाहून म्हणाली, "पंधरा दिन मी तिनं तोंड चोळं, भाऊ. सोळाव्या दिनले रडनी. बठ्ठी गल्ली उठी बसनी व्हती."

मी जवळून पाहिले. पिशव्या परत आल्या आहेत. तोंडाच्या दोन्ही बाजूंना रेघा. सगळे गेले.

मी म्हणालो, "चल आता. पुरे झाले."

तिने मान वर केली नाही. "तुम्हाला काय हवंय? चेहरा आहे ना तुमच्याकडे. दोन्ही फोटोत."

"लोकांच्या घरी तेल लावत फिरणार?"

"हो. हात हलका आहे माझा." वर म्हणाली, "तुमचा डोळा अजून उडतो. कुणाकडून तरी चोळून घ्या."

बाळाची आई दारातून पाहत होती. परत स्टेशनवर आलो. गाडी तीन तास उशिरा.

२० जून, रविवार

नाशिकचे पत्र आले. डिसेंबरात परिषद. सप्रयोग व्याख्यान हवे म्हणून आग्रह आहे.

शाळेतल्या रुपचंद मास्तरांच्या ओळखीने आज पिंप्राळ्याला मुलगी पाहून आलो. मुलीच्या वडिलांना पहिल्या बायकोचे सगळे सांगितले. नांदायला येत नाही म्हटल्यावर त्यांची हरकत नाही. मुलीचे नाव नर्मदा, वय सोळा. चेहरा गोल, जबडा मजबूत, कातडी उत्तम. प्रयोगापूर्वीचा फोटो काढायचा तर आधी काही महिने जावे लागतील, पण ते पाहता येईल.

पोहे झाल्यावर मी तिला गाल फुगवून दाखवायला सांगितले. घरची माणसे एकमेकांकडे पाहू लागली. तिने फुगवले, दहापर्यंत धरले आणि मग तिला एकदम असे हसू फुटले की पदर तोंडात कोंबून ती आत पळाली. आतूनही किती वेळ ऐकू येत होते.

पसंत आहे म्हणून कळवले. मुलगी हसरी आहे, तेवढे मोडावे लागेल.